यंदाच्या दोन खरेद्या

यंदा घरात दोन वस्तू आणल्या. आईसाठी रेडिओ अन् शेतासाठी पर्जन्यमापक. मोबाईलवर सगळं मिळतं म्हणतात, पण आईला बटण फिरवून स्टेशन लावण्यातच गोडी. जुनं नाट्यपद लागलं की हातातलं सूप खाली ठेवते.

पर्जन्यमापकाची मात्र मला लाजच वाटते. ३० वर्षं गावोगाव ‘पाऊस मोजा’ सांगत फिरलो, अन् स्वतःच्या रानात तो नव्हता! १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. आता रोज सकाळी साडेआठला आई रेडिओ बंद करते, पाऊस मोजते अन् कॅलेंडरवर आकडा लिहिते.

जूनमध्ये शेजारी तिफण जुंपली, तसा धाकटा भाऊही सोयाबीन पेरायला निघाला. आईनं कॅलेंडर पुढं केलं. बेरीज अवघी ३८. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हे माझंच सांगणं. थांबलो. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढं पावसानं १२ दिवस उघडीप दिली. शेजारचे मोड करपले. दुबार पेरणीला त्यांच्याकडं बियाणं नव्हतं. आमच्यातल्या दोन पिशव्या भाऊच देऊन आला.