कृत्रिम खांद्यातील छुपा जंतुसंसर्ग

कृत्रिम खांदा बसवून काही महिने किंवा वर्षे लोटल्यानंतर जो रुग्ण पुन्हा शल्यचिकित्सकाकडे येतो, त्याची तक्रार बहुधा मोघम असते: खांदा दुखतो, दिवसेंदिवस आखडत चालला आहे, शस्त्रक्रियेनंतर तो धड असा कधी झालाच नाही. ताप नसतो, व्रण कोरडा असतो, आणि शरीरातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्याही पुष्कळदा मर्यादेतच येतात. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला की या तपासण्या बऱ्याचदा इशारा देतात. खांद्यात मात्र त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. परिणामी, हात वर करून केस विंचरता येत नाहीत आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही अशा माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढेच ऐकून घरी परतावे लागते, आणि कागदावर पुरावा नसलेल्या दुखण्यावर हळूहळू घरच्यांचाही विश्वास उडू लागतो. या आजारातील हा सर्वांत अन्यायकारक भाग होय, कारण बरी न होणारी वेदना हाच येथे अनेकदा पहिला आणि एकमेव पुरावा असतो.

याचे मूळ जंतूच्या स्वभावात आहे. खांद्याच्या संसर्गात वारंवार सापडणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस हा जंतू, ज्याचे २०१६ पर्यंतचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्निस असे होते, त्वचेतील तैलग्रंथींमध्ये, विशेषतः खांदा, पाठ व छातीच्या भागात, एरवी निरुपद्रवीपणे राहतो. या ग्रंथी त्वचेच्या आत खोलवर असल्यामुळे वरून लावलेले जंतुनाशक तेथवर पुरेसे पोहोचत नाही, आणि छेद घेताना जंतू आत उतरू शकतो. पुरुषांच्या त्वचेवर त्याचे प्रमाण अधिक असल्याने हा धोकाही त्यांना अधिक असतो. आत गेल्यावर तो धातूच्या पृष्ठभागावर जैवपटल, म्हणजे स्वतःभोवती चिकट द्रव्याचा थर, तयार करतो आणि त्याच्या आड प्रतिजैविकांपासून व शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून सुरक्षित राहून अतिशय संथपणे वाढतो.

संसर्ग आणि कृत्रिम खांदा यांचा संबंध मुळापासूनचा आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक झूल-एमिल पेआँ यांनी १८९३ मध्ये पॅरिस येथे क्षयाने खांदा पोखरलेल्या एका पाव भाजणाऱ्या कारागिरावर प्लॅटिनम व रबर यांचा कृत्रिम सांधा बसवला, आणि सुमारे दोन वर्षांनी संसर्ग पुन्हा उफाळल्यामुळे तो काढून टाकावा लागला. तेथे निदान तरी उघड होते. आजची अडचण संसर्ग दडून राहण्याची आहे.

पुनर्शस्त्रक्रियेपूर्वीची नेहमीची पायरी म्हणजे सांध्यात सुई घालून आतील द्रव काढणे. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या आधाराने सुई नेमकी सांध्यात पोहोचते, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला जातो, आणि पुष्कळ वेळा हाती काहीच लागत नाही; द्रव न मिळणे म्हणजे संसर्ग नसणे असा अर्थ मात्र मुळीच काढता येत नाही. द्रव मिळालाच, तर त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात, अल्फा-डिफेन्सिन हे पेशींनी जंतूंविरुद्ध सोडलेले प्रथिन तपासतात आणि कल्चर लावतात. परंतु अल्फा-डिफेन्सिनही खांद्यात गुडघ्याइतके खात्रीचे ठरलेले नाही. म्हणून शंका बळकट असेल तर काही शल्यचिकित्सक आधी दुर्बिणीतून सांध्याच्या आवरणाचे तुकडे घेतात. यासाठी रुग्णाला एक जादा शस्त्रक्रिया सोसावी लागते, तरीही शंका रास्त असेल तेथे ती अंधारात केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा श्रेयस्कर वाटते.

नमुने घेण्याच्या पद्धतीवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. शक्य असेल तेव्हा प्रतिजैविके निदान दोन आठवडे आधी थांबवली जातात, सांध्याच्या वेगवेगळ्या जागांहून पाच किंवा अधिक तुकडे घेतले जातात, आणि प्रत्येक तुकड्यासाठी नवे, स्वच्छ उपकरण व स्वतंत्र बाटली वापरली जाते, जेणेकरून त्वचेवरचा जंतू एका नमुन्यातून दुसऱ्यात जाऊ नये. नेहमीचे कल्चर पाचेक दिवसांत बंद करण्याची प्रथा येथे घातक ठरते. या जंतूला प्राणवायूविरहित वातावरणात सुमारे १४ दिवस द्यावे लागतात.

पेच येथेच उभा राहतो. कल्चरचा अखेरचा निकाल येईपर्यंत पुनर्शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते, त्यामुळे जुना सांधा काढून त्याच वेळी नवा बसवायचा, की प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा उघडायचे, हे निकाल हाती नसतानाच ठरवावे लागते. २०१८ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यासाठी निकषांची गुणपद्धती मांडली. तीत सांध्यातून त्वचेपर्यंत पडलेली नाळ किंवा आतील उघड पू असल्यास संसर्ग निश्चित मानला जातो, तर दंडाच्या हाडातील दांडा सैल होणे, गढूळ द्रव, वाढलेला सीआरपी अशा गौण खुणांना गुण देऊन बेरीज केली जाते. या पद्धतीत एकाच नमुन्यात सापडलेल्या मंद जंतूला अवघा एक गुण आहे, आणि ते योग्यच आहे, कारण निर्जंतुक म्हणून तपासलेल्या नमुन्यांतही हा जंतू कधीकधी उगवलेला आढळला आहे.

दोन आठवड्यांनंतर, टाके निघून रुग्ण घरी व्यायाम करू लागलेला असताना, असा एखादा अनपेक्षित निकाल येतो. त्यावर काही आठवडे तोंडाने प्रतिजैविके द्यावीत की नुसते लक्ष ठेवावे, याबाबत तज्ज्ञांत अजून एकवाक्यता नाही. असा निकाल येऊ शकतो आणि त्याचा अर्थ संदिग्ध असू शकतो, हे शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच रुग्णाला व त्याच्या घरच्यांना समजावून सांगितले पाहिजे.