घाट, मच्छर आणि पाठीवरचं ओझं

सूतगिरणीला सुट्टी होती. नाशिकहून पहाटेच्या गाडीनं कसाऱ्याला उतरलो, दहा किलोची सॅक पाठीवर टाकली अन् इगतपुरीकडं घाट चढायला लागलो. सकाळ ते संध्याकाळ. ड्युटी तेवढीच, फक्त पगार नाही.

दोस्तहो, हा थळघाट. रेल्वेचा चढ इथं ३७ फुटाला १ फूट. आगगाडीलाही मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात.

पावसाळा सरत आलेला. झाडीत मच्छरच मच्छर. जरा टेकलं की थवा अंगावर. मच्छराची मादी आपण सोडलेल्या श्वासाचा माग काढत येते. घाम अन् अंगाची ऊब तिला जवळ आणते. म्हणजे जो जास्त धापतो त्याला ती आधी गाठते. साला, इथंही राबणाराच!

वळणावर एक म्हातारी मोळी घेऊन उतरत होती. अनवाणी. सॅककडं बघून म्हणाली, "काय इकाया आणलं रं लेकरा?"

"काय नाय आज्जी, आसंच चालतोय."

"आसंच?" ती हसायलाच लागली.

तिचं खरंय. माझ्या बापाच्या पाठीला ओझं ठाऊक, सहल नाही. म्हणून तर मी मुद्दाम येतो. हे ओझं मला कुणी दिलेलं नाही.

मार्च २०१८ मध्ये आदिवासी शेतकरी वनजमिनीचा हक्क मागत याच घाटानं उतरले. ६ तारखेला नाशिक, १२ ला मुंबई. सुमारे १८० किलोमीटर. त्यांचे सोललेले तळपाय पेपरांनी छापले.

म्हातारीचे तळवे तसलेच होते. ती खाली गेली, मी वर. इगतपुरीचे दिवे दिसेस्तोवर मच्छर सोबतीला.