मूठ

घरातल्या वस्तूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. काही वस्तू पाहण्यासाठी असतात आणि काही धरण्यासाठी. पाहण्याच्या वस्तूंविषयी आपण पुष्कळ बोलतो, पाहुण्यांना त्या दाखवतो, त्यांची धूळ झटकतो. धरण्याच्या वस्तूंची ओळख डोळ्यांना नसते, ती हाताला असते. जिन्याचा कठडा, वरवंटा, देवघरातल्या घंटेचा दांडा यांचा घाट कसा आहे असे कोणी अवचित विचारले तर आपण गोंधळतो. हात मात्र अंधारातही त्यांच्यापर्यंत अचूक पोहोचतो. खिडकीची मूठ ही या दुसऱ्या वर्गातली. ती एकदा हातात तुटून येते, तेव्हाच ती आपण प्रथम नीट पाहतो.

या पृष्ठांचा वाचक अनेक भाषांच्या शेजारात राहणारा आहे, म्हणून जाता जाता शब्दांकडेही पाहू. खिडकीचे मूळ ‘खडक्किका’ या शब्दात सांगतात आणि त्याचा अर्थ बाजूचे, खाजगी दार असा होता. तेलुगूतील ‘किटिकी’ आणि कन्नडमधील ‘किटकी’ ही त्याच घराण्यातली दिसतात. बंगालीतील ‘जानाला’, तमिळमधील ‘जन्नल’, मल्याळममधील ‘जनल’ आणि गोव्यातील ‘जनेल’ मात्र समुद्रमार्गे आलेली, पोर्तुगीज ‘जनेला’ची लेकरे. आपले ‘तावदान’ फारसीतून आले. तिथे ‘ताबदान’ म्हणजे उजेड आत घेणारी जागा. खिडकीसाठी आपण दूरदूरचे शब्द आणले. पण तिच्या मुठीसाठी बाहेर कुठे जावे लागले नाही. संस्कृत ‘मुष्टि’ची मूठ झाली आणि इंग्रजीनेही ‘हॅंड’ वरूनच ‘हॅंडल’ केले. वस्तूला थेट हाताचे नाव मिळाले.

दिल्लीत यमुनेपलीकडच्या आमच्या सदनिकेच्या खिडक्या लोखंडी आहेत. 1970 नंतरच्या दशकात उत्तर भारतात जी असंख्य मध्यमवर्गीय घरे उभी राहिली, त्यांतल्या बहुतेकांना अशाच खिडक्या असत. तापवून लाटलेल्या पोलादाच्या बारीक पट्ट्या, त्यांत जवसाचे तेल आणि खडूची भुकटी कालवलेल्या पुट्टीने बसवलेली काच, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप. त्यांच्या बिजागऱ्या मुद्दाम पुढे आलेल्या असतात, म्हणजे झडप उघडली की फटीतून हात घालून काचेची बाहेरची बाजू घरातूनच पुसता येते. या खिडक्यांचे एक भारतीय मानकही आहे, क्रमांक 1038. ते वाचले तर त्याच्या कोरड्या भाषेतून एक विचारी गृहस्थ बोलत असल्याचा भास होतो. मुठीला दोन टप्प्यांचे नाक असावे असे ते सांगते. पहिल्या टप्प्यात खिडकी घट्ट बंद होते. दुसऱ्यात ती किंचित उघडी राहते आणि तरीही अडकलेली असते. रात्री वारा यावा पण झडप आपटू नये, एवढ्यासाठी ही योजना. काच बसवल्यावर मूठ सहजासहजी काढता येऊ नये, असेही ते सांगते. यात चोराचा विचार आहे. दुरुस्ती करणाऱ्याचा मात्र त्यात तितकासा विचार नाही, हे पुढे मला कळले.

मुठीचे काम केवळ अडकवण्याचे नसते. तिचे नाक चौकटीवरच्या पट्टीच्या उतारावरून सरकते आणि सरकता सरकता झडपेला आत ओढून चौकटीशी बिलगवते. बहुधा मूठ पितळेची असते आणि चौकट पोलादाची. दोन धातू एकमेकांवर वर्षानुवर्षे घासले की मऊ धातू झिजतो. बदलता येण्याजोगा भाग झिजावा आणि चौकट शाबूत राहावी, हा शहाणपणा त्यात आहे. मूठ ही झिजण्यासाठीच नेमलेली असते. आमच्या अकरा मुठींपैकी चार तुटल्या होत्या. बाकीच्यांची नाके इतकी गुळगुळीत झाली होती की त्या फिरत, पण ओढत नसत. मे-जूनमधील आंधीत सारे घर खडखडे आणि सकाळी अंथरुणावर बारीक वाळूचा थर सापडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहरावर धूर उतरतो, तेव्हा तर फटीतून येणारे प्रत्येक बोटभर हवेचे पाते छातीत जाणवे.

मुलाने दूरध्वनीवरून सुचवले की एवढा खटाटोप करण्यापेक्षा या खिडक्याच काढून यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात. सूचना व्यवहारी होती. पत्नीचाही कल तिकडेच होता. आई तोवर गप्प होती. तिला चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत आणि बोटांच्या सांध्यांनी तिची साथ जवळजवळ सोडली आहे. तिच्या खोलीची एकुलती खिडकी पूर्वेला आहे, खाली कडुनिंब आहे. ती म्हणाली, “सरकत्या खिडकीत अर्धी खिडकी नेहमी बंदच की रे.” मी म्हणालो, “पण आई, ही तुला उघडत नाही. आम्ही उघडून देतोच ना?” त्यावर तिने उत्तर दिले, “उघडून देणारे पुष्कळ आहेत. मला उघडता आली पाहिजे.”

या वाक्यानंतर चर्चेला फारसे काही उरले नाही. म्हातारपणी माणसाच्या हातून कामे एकेक करून निघून जातात. आधी पाण्याची बादली जाते, मग कुकरचे झाकण, मग औषधाच्या बाटलीचे बूच. आपण प्रेमाने ती कामे आपल्याकडे घेतो, आणि घेता घेता त्या माणसाकडे स्वतःच्या मर्जीने करण्यासारखे काही उरते की नाही हे मोजत नाही. सकाळी किती वाजता उजेड आत घ्यायचा, एवढा एक निर्णय आईला स्वतःकडे ठेवायचा होता. तो तीन इंच लांबीच्या पितळेवर अवलंबून होता.

मुठी घ्यायला चावडी बाजारात गेलो. या नावाचा संबंध मराठी ‘चावडी’शी जोडतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांचा दिल्लीत वावर होता खरा; पण ही व्युत्पत्ती इतिहासाची की लोकांच्या हौसेची, याचा निर्णय जाणत्यांनी करावा. माझ्यापुरते सांगायचे तर परमुलखात चाळीस वर्षे काढलेल्या मराठी माणसाला त्या पाटीखालून जाताना बरे वाटते. आज तिथे कागद, लग्नपत्रिका, नळ, कड्या-कोयंडे यांची दाटी आहे. मुठींतला बराचसा माल कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या अलीगढचा. तिथे आजही दोन पेट्यांत वाळू ठासून साचा करतात, वितळलेले पितळ ओततात, मग कानशीने घासून मूठ चकचकीत करतात.

दुकानदाराने तीन सारख्याच दिसणाऱ्या मुठी समोर ठेवल्या आणि म्हणाला, “बाबूजी, हाथ में लेकर देखिए.” फरक हातालाच कळतो. घनफळ सारखे असेल तर पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते आणि जस्ताच्या मिश्रधातूहूनही सुमारे पाऊणपट नव्हे, चांगले सव्वापट भरते. जस्ताच्या मुठीला वरून पितळी मुलामा असतो. पाठीमागे खिळ्याने ओरखडा काढला की आतला राखाडी रंग दिसतो. चुंबकाची परीक्षा अर्धीच खरी: लोखंडाची लबाडी ती पकडते, जस्ताची पकडत नाही. जस्ताची मूठ वाकत नाही, एके दिवशी तटकन तुटते. आमच्या चार तुटलेल्या मुठींचे रहस्य तिथे उलगडले. त्या पूर्वी कधीतरी बदललेल्या होत्या आणि त्यांच्या तुटक्या कडा राखाडी होत्या.

मी आईची अडचण सांगितली, तेव्हा त्याने फळीखालच्या खोक्यातून एक जुन्या घाटाची मूठ काढली. तिची शेपटी पाच इंचांची होती. शाळेत शिकलेला तरफेचा नियम असा उपयोगी पडतो: तीन इंचांच्या जागी पाच इंच झाले की त्याच कामाला लागणारे बळ तीन-पंचमांशावर येते. शिवाय लांब मुठीला बोटांनी आवळावे लागत नाही; तळहाताच्या कडेने ढकलले तरी ती फिरते. सांधे धरलेल्या हाताला हेच हवे असते. तशी मूठ एकच होती. बाकीच्या दहा नेहमीच्या घेतल्या.

मिस्त्री आला तेव्हा मानकातले ते वाक्य आडवे आले. मूठ ज्या पत्र्यावर बसते तो झडपेला रिव्हेटने जोडलेला, आणि रिव्हेटला हात घालायचा तर काच काढणे भाग. पन्नास वर्षांची पुट्टी दगड झाली होती. त्याने ती कणाकणाने खरवडली. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात नव्वद भागांची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, म्हणजे आमच्या खिडक्या तिच्या फार आधीच्या. म्हणून जागा ओली ठेवूनच खरवडायची आणि भुकटी ओल्या फडक्यानेच टिपायची, असे ठरवले. आईला दोन दिवस दुसऱ्या खोलीत हलवले.

मूठ बसवण्याआधी मिस्त्रीने झडप नुसती हाताने हलवून पाहिली आणि मान हलवली. अर्धा दोष बिजागऱ्यांचा होता. दर रंगकामात त्यांच्यावर एकेक थर चढून त्या जाम झाल्या होत्या. त्याने त्या खरवडल्या, तेल सोडले, आणि झडप एका बोटाने फिरू लागल्यावरच मुठीला हात घातला. मुठीखाली त्याने पत्र्याची पातळ चकती सरकवली, तेव्हा नाक उतारावर बरोबर टेकले. “माताजी, अब आप देखिए,” तो म्हणाला. आई उठली, तळहाताची कड मुठीला लावली आणि ढकलली. खिडकी उघडली. तिने ती बंद केली, पुन्हा उघडली, आणि मिस्त्रीला विचारले, “चाय पिओगे ना?”

पत्नीची तक्रार आहे की अकरा खिडक्यांत एकीची मूठ वेगळी दिसते. ती रास्त आहे. पण घर हे एकसारख्या हातांचे नसते, मग मुठी तरी एकसारख्या का असाव्यात? झिजलेल्या मुठी मोडीत द्यायच्या म्हणून काढून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर अंगठ्याच्या जागी खळगे पडले आहेत. कोणाच्या अंगठ्याने किती पितळ नेले हे आता वेगळे करता येणार नाही.

मानकातला तो दुसरा टप्पा आईने पहिल्याच रात्री हुडकून काढला. आता झोपण्यापूर्वी ती खिडकी त्या टप्प्यात अडकवते. थंडी वाढली किंवा बाहेर धुराचा वास आला, तर मधेच उठून पूर्ण लावते. तिच्या खोलीतून मुठीचा तो छोटासा आवाज येतो, आणि आम्ही कोणी उठत नाही.