आम्ही, आपण आणि पाचवे आसन

मराठीत प्रथमपुरुषाची अनेकवचनी सर्वनामे दोन आहेत, हे वर्गात सांगताना आम्हां दोघांनाही नेहमी थोडा अभिमान वाटत आला आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. तमिळ-तेलुगूत हा भेद आहे, गुजरातीत आहे. प्रमाण हिंदीतला 'हम' मात्र दोन्ही कामे एकट्यानेच करतो. विद्यार्थी उदाहरणे मागतात आणि आपण 'आम्ही जेवलो' व 'आपण जेवू या' अशी निरुपद्रवी वाक्ये फळ्यावर लिहून मोकळे होतो. या भेदाला घरात किती धार असू शकते, हे आमच्या ध्यानात आले ते व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, तर एका मोटारीमुळे. २०१९ साली आम्ही ज्याला 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात असे वाहन घेतले. त्यासोबतच्या सहा-सात वर्षांविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम नावाविषयी. आमची गाडी जाहिरातीत एसयूव्ही असली तरी कराच्या कागदांत ती एसयूव्ही नाही. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या १२०० किंवा डिझेलवर चालणाऱ्या १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. सवलत लहान मोटारींसाठी होती; पण मोठेपणाची हौस असलेल्यांनी लहानपणाची व्याख्या पुरेपूर वापरली. २००९मध्ये प्रीमियरची रिओ आली, २०१२मध्ये महिंद्रची क्वांटो, २०१३मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट. यांतली एकही आज बाजारात नाही, परंतु त्यांनी आखलेली वाट मोठी झाली. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट या साऱ्यांची लांबी ३९९० मिलिमीटरच्या पुढे आणि ४०००च्या आत भरते. वस्तू व सेवा कर २०१७मध्ये आला तेव्हा 'एसयूव्ही' ठरण्यासाठी लांबी चार मीटरपेक्षा अधिक आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर हवी, असे ठरले. सप्टेंबर २०२५मध्ये दर बदलले, लहान मोटारींना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के झाले. चार मीटरची रेघ मात्र जागची हलली नाही. म्हणजे ही गाडी उंचीने एका वर्गाची आणि लांबीने दुसऱ्या वर्गाची. मध्यमवर्गीय माणसाला अशा वस्तूविषयी आपलेपणा वाटला, तर त्यात नवल नाही.

उंचीचा लाभ आमच्या घरात सर्वप्रथम आईला झाला. तिचे गुडघे तोवर पुरते दुखावलेले होते. पूर्वीच्या लहान मोटारीत बसणे म्हणजे पाटावर बसण्यासारखे. आधी वाकायचे, मग अंग सोडून द्यायचे आणि उतरताना दोघांनी हात धरून उभे करायचे. या गाडीचे आसन बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते. दार उघडावे, पाठमोरे टेकावे, पाय आत घ्यावेत, झाले. 'ही गाडी मला बसवून घेते,' असे ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. त्या एका वाक्याने कर्जाच्या हप्त्यांचे समर्थन झाले. पुण्यातल्या रस्त्यांवर लिटरला अकरा-बारा किलोमीटर पडतात, सोसायटीतल्या दोन खांबांमध्ये गाडी लावताना रोज आरसे मिटावे लागतात, या गोष्टी मग किरकोळ वाटू लागल्या.

ज्या उंचीने आईची सोय झाली, तिने आत्याची मात्र झाली नाही. आत्या, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या दिवंगत वडिलांची धाकटी बहीण. लग्न केले नाही. शाळेत गणित शिकवले, निवृत्त झाली आणि आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एकटी राहते. चणीने अगदी लहान. तिला तो उंबरठा चढवत नाही. तिच्यासाठी डिकीत एक लाकडी पाट ठेवलेला असतो. तो दारापाशी ठेवायचा, ती त्यावर चढणार, मग आत. आणि लगेच 'पाट घेतलास ना रे आत?' असे विचारणार.

आमचे गाव गुहागर तालुक्यात. दर वर्षी गणपतीला पुण्याहून तिकडे जाणे हा घराण्याचा शिरस्ता. साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाडी येण्यापूर्वी हा प्रवास एस्टीने व्हायचा. आठ-नऊ माणसे, तितक्याच पिशव्या, शिवाय कुणाच्या तरी मांडीवर ठेवलेला मखराचा डबा. त्या प्रवासात कोण कुणाशेजारी बसले याला महत्त्व नसे, कारण कऱ्हाडपर्यंत सर्वांच्या जागा दोनदा बदललेल्या असत.

गाडीत जागा पाच. त्यांतली एक चालवणाऱ्याची, दुसरी त्याच्या शेजारची. मागे एका खिडकीशी लेकीचे बालआसन. २०१९च्या मोटारवाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचे केले, आणि कायदा नसता तरी आम्ही ते घेतलेच असते. दुसऱ्या खिडकीशी आई. उरले मधले, पाचवे आसन. चार मीटरच्या नियमाने लांबी आवळली, म्हणून निर्माते उंची वाढवतात. रुंदी मात्र फारशी वाढत नाही, आणि तिघांतल्या मधल्याला या हिशेबाची खरी किंमत कळते. आमच्या गाडीत तिथे पाठ ताठ राहते, पाय मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना ठेवावे लागतात आणि पट्टा केवळ कमरेचा आहे. पहिल्या वर्षी आत्या तिथे बसली. साडेसात तास. बालआसनाची कड तिच्या बरगडीला लागत होती, हे तिने घरी पोहोचल्यावरही सांगितले नाही. आईने रात्री तिची पाठ चोळताना पाहिले. परतीच्या दिवशी मात्र आत्याने शांतपणे जाहीर केले, 'मला बाई एस्टीच बरी. हातपाय मोकळे राहतात.'

२०२०चा गणपती पुण्यातच झाला. त्या काळात मोटारीच्या मिटलेल्या काचांना वेगळाच अर्थ आला होता. 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, हे त्या वर्षी वैद्यकशास्त्राने ठरवले होते. एका छपराखाली राहणारे चौघे. आत्या दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून बाहेर. भाजीची पिशवी तिच्या दाराला अडकवून आम्ही खाली उभे राहत असू आणि ती सज्जातून बोलत असे. मार्च २०२१मध्ये साठ वर्षांवरील लोकांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा कित्येक महिन्यांनी ती गाडीत बसली. चारही काचा उघड्या, पदर तोंडावर, आणि पाट अर्थातच आठवणीने आत घेतलेला.

पुढे प्रवास पुन्हा सुरू झाले, आत्या एस्टीने जाऊ लागली आणि घरात एक व्यवस्था रुळली. व्यवस्था रुळली की भाषाही रुळते. २०२२च्या गणपतीआधी आत्या आमच्याकडे जेवायला आली होती. लेकीने विचारले, 'आपण किती वाजता निघायचं?' आई पोळ्या लाटता लाटता सहज म्हणाली, 'आम्ही सहाला निघू. वन्सं, तुमची गाडी कितीची?' आत्याने वेळ सांगितली. आमटी वाढून घेतली. कुणाच्या बोलण्यात काही खोच नव्हती. वाक्य वस्तुस्थितीला धरूनच होते. तरी फळ्यावर इतकी वर्षे लिहिलेला नियम ताटापुढे असा उभा राहिलेला पाहून आम्ही दोघेही क्षणभर जेवायचे थांबलो. मुलीच्या 'आपण'मध्ये आत्याआजी होती. आईच्या 'आम्ही'मध्ये नव्हती. आणि पन्नास वर्षांच्या नणंदा-भावजया असलेल्या त्या दोघींना हे आमच्याइतकेच ऐकू आले असणार.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे एक निरीक्षण ठेवावेसे वाटते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस्टी धावली. मराठी गद्याने त्यानंतर या वाहनाला भरभरून जागा दिली. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये कोकणातल्या गाडीसमोर म्हैस येते, गाडी अडते, आणि एकमेकांशी काही देणेघेणे नसलेली माणसे बघता बघता एक समाज होतात. ती कथा मोटारीत घडू शकत नाही. मोटारीसमोर म्हैस आली तर भांडण होईल, भरपाई होईल. समाज होणार नाही, कारण आत बसलेले सगळे आधीच एकमेकांचे असतात आणि बाहेरचे आधीच परके असतात. आमच्या वाचनात तरी मराठी ललित लेखनातील खाजगी मोटार बहुतेकदा श्रीमंतीची खूण म्हणूनच येते. हप्त्यांवर घेतलेली, आजीच्या गुडघ्यांसाठी निवडलेली, शिक्षकाच्या घरातली मोटार आता गल्लोगल्ली आहे, पण तिच्या आतल्या माणसांचे काय होते याची नोंद आम्हांला फारशी आढळली नाही. एस्टीचे सर्वनाम 'आपण' आहे. मोटारीचे 'आम्ही'. हा फरक केवळ वाहनांचा नाही.

२०२३मध्ये आईने आपल्या परीने उत्तर काढले. त्या वर्षी मार्चपासून एस्टीत महिलांना अर्धे तिकीट झाले होते. आई म्हणाली, 'वन्सं एकट्या जातात आणि मी गादीवर बसून जाते, हे मला आवडत नाही. मी त्यांच्याबरोबर जाते.' गुडघ्यांचे काय, असे आम्ही विचारले. 'दुखतील,' ती म्हणाली. एस्टीच्या उंच पायऱ्या आम्हांला ठाऊक होत्या, तिलाही होत्या. वाहकाने खालून आणि आत्याने वरून असे धरून तिला स्वारगेटला चढवले. त्यांची गाडी आमच्या आधी सुटली. पुढे कुंभार्लीच्या वळणांवर आम्ही एका एस्टीच्या मागे अडकलो, आणि ती त्यांचीच निघाली. पुढे जाण्याजोगा रस्ता मध्ये दोनदा मिळाला. लेक म्हणाली, 'नको ना, मागेच राहू या.' पोफळीपर्यंत आम्ही एस्टीमागून उतरलो. मागचे आसन निम्मे रिकामे, दूर्वा-फुलांच्या पिशव्या तिथे पट्टा लावून ठेवलेल्या.

त्या प्रवासाच्या गोष्टी आई आजही सांगते. गाडी माहेरवाशिणींनी भरलेली होती, कुणीतरी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या, आत्याने शेजारच्या मुलाला काळ-काम-वेगाचे गणित घातले. गावी पोहोचल्यावर दोन दिवस आईला पायरी चढता आली नाही, हे त्या गोष्टीत नसते. चिपळूण स्थानकावर आम्ही दोघींना गाडीत घेतले. गावातला शेवटचा टप्पा जांभ्या दगडाचा, पऱ्याच्या पाण्याने उकरलेला. तिथे पूर्वीच्या मोटारीचे पोट घासत असे आणि सगळ्यांना उतरून चालावे लागे. ही गाडी तिथून सहज जाते. खरे सांगायचे तर एसयूव्ही हे नाव तिने वर्षातून एकदा, या एका किलोमीटरपुरतेच सार्थ केले आहे. त्या किलोमीटरला आम्ही पाचही जण आत होतो.

आता लेक नऊ वर्षांची आहे, उंच झाली आहे. बालआसन काढले, ते धाकट्या भावाच्या घरी गेले. मागे पुन्हा तीन जागा झाल्या आणि मधल्या जागेवर लेकीने स्वतःहून हक्क सांगितला, कारण तिथून समोरचा रस्ता सरळ दिसतो. खिडकी मोकळी झाली. २०२५च्या गणपतीला आत्याला विचारले, तेव्हा तिने शिक्षिकेच्या थाटात अटी घातल्या. जाताना ती आमच्याबरोबर येईल; येताना एस्टीने, कारण त्या बाजूच्या दोन-तीन बायका आता तिच्या ओळखीच्या झाल्या आहेत आणि त्यांनी जागा धरून ठेवायचे कबूल केले आहे. शिवाय पाटणला चहासाठी थांबायचे, आणि तेही स्थानकावर, महामार्गावरच्या वातानुकूलित हॉटेलात नव्हे.

अटी मान्य झाल्या. निघण्याच्या आदल्या रात्री आईने तिला फोन केला. आम्ही दोघे सामान भरत होतो, पण कान तिकडेच होते. 'वन्सं, पहाटे सहाला खाली या,' आई म्हणाली, 'आपण उजाडता उजाडता निघू.' मग फोन खाली ठेवून तिने आम्हांला विचारले, 'पाट ठेवलात ना?'