काटा कोण तपासतो?

आमच्या गडमुडशिंगीच्या आसपास उसाच्या हंगामात हमखास चालणारा विषय म्हणजे काटा. ट्रॉली कारखान्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या काट्यावर तोलून घ्यावी, असं सांगणारा शहाणा गल्लोगल्ली सापडतो. वजन खोटंच असतं असं नाही. पण एकाच काट्यावर भिस्त ठेवू नये, एवढंच.

गेल्या वर्षी आत्याला रेडिएशन सुरू झालं. मी कणांच्या सिम्युलेशनचं काम करतो हे तिला ठाऊक. तिनं विचारलं, "डोस कॉम्प्युटर ठरवतोय म्हणं. मग त्या कॉम्प्युटरचा काटा कोण तपासतं रं?"

प्रश्न लाखमोलाचा! यंत्राचा डोस पाण्याच्या टाकीत उपकरण ठेवून प्रत्यक्ष मोजतात आणि त्या उपकरणाचं कॅलिब्रेशन ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मानकाशी जोडलेलं असतं. एवढं ऐकून आत्या निश्चिंत झाली.

माझं काम मात्र याच्या एक पायरी खाली. किरण शरीरात शिरले की असंख्य इलेक्ट्रॉन सुटतात, ते अणूंना धडकून आणखी इलेक्ट्रॉन उडवतात. हेच आयनीकरण. कुठल्या ऊर्जेला अशी टक्कर किती संभवते, याचे आकडे सिम्युलेशनला पुरवावे लागतात. जिआंट-४ या जगभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एका मॉडेलच्या नावात तर चक्क आपले होमी भाभा आहेत. १९३६ साली त्यांनी मांडलेलं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीचं सूत्र आजही तिथे राबतंय.

पण वेगवान कणांचं गणित मंदावलेल्या इलेक्ट्रॉनला लागू पडत नाही. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला किमान १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्याखाली शक्यता शून्य, मग चढण, शिखर आणि पुन्हा उतार. हे टेकाड गणितात पकडणं महाकठीण. आणि डीएनएला होणारी इजा समजून घ्यायची तर नेमके हेच मंद इलेक्ट्रॉन महत्त्वाचे.

२०११ साली मारिया ग्राझिया पिया आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेची जुनी सारणी आणि दोन मॉडेलं, अनेक मूलद्रव्यांवरच्या प्रयोगांशी संख्याशास्त्राच्या कसोट्या लावून ताडून पाहिली. सारणी त्याआधी कितीतरी वर्षं वापरात होती, हे विशेष.

आणखी एक मेख आहे. प्रयोगही एकमेकांशी जुळतातच असं नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन प्रयोगशाळांतले आकडे वेगळे निघतात. मग मॉडेल चुकलं म्हणायचं की मोजमाप? अशा वेळी सोयीचा प्रयोग निवडून सुंदर आलेख छापायचा मोह होतो. न जुळणारे आकडेही पुढ्यात ठेवायचे, जुळण्याचा निकष आधी ठरवायचा आणि मगच निकाल पाहायचा, हे काम कंटाळवाणं. त्याला टाळ्या पडत नाहीत.

असो. पण या खालच्या पायरीवरच्या आकड्यांवरच उद्याचे उपचार उभे राहायचे आहेत. तुमच्याही कामात असा एखादा आकडा असेल, जो सगळे वापरतात आणि मोजून कुणीच पाहत नाही. एकदा शोधून पाहाच.