वाचलेला तास

एकदाच करून चार दिवस पुरवायच्या, बेताच्या खर्चाच्या स्वयंपाकाची प्रात्यक्षिके मी लवळ्याला घेते. म्हणजे मुळशी तालुक्यात तांदूळ विकायला नेण्यासारखेच! भाजणी, मेतकूट, सांडगे, वर्षाचा मसाला करून ठेवणाऱ्या बायकांना साठवणीचे शास्त्र कोणी शिकवावे? तरी त्या येतात. फ्रीजरचे शास्त्र थोडे वेगळे असते.

१९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले. मीही वाटीच पुढे धरते. “वाटीभर मटकीला मोड आणा, दोन वाट्यांच्या वर जाते. बँक देते का एवढं व्याज?” इथे हशा ठरलेला. मग कांदा-खोबऱ्याचे वाटण रविवारीच परतायचे, गार करून लहान डब्यांत भरायचे. सोमवारी उसळ, मंगळवारी आमटी, बुधवारी अचानक पाहुणे.

शेवटी प्रश्न येतोच. “बाई, रोजचा तास वाचेल हो. पण वाचला हे घरात कळू कसं द्यायचं नाही?”

प्रश्न खरा आहे. तास मोकळा दिसला की त्याचे मालक उभे राहतात. सासऱ्यांना चहा, नवऱ्याला भजी, पोरांचा गृहपाठ. वाचलेला पैसा घर कौतुकाने मोजते; बाईचा वाचलेला वेळ परस्पर खर्चून टाकते.

म्हणून माझ्या प्रात्यक्षिकातली शेवटची कृती अशी : स्वयंपाकघराचे दार लोटावे, मासिक उघडावे आणि पानापानाला रिकाम्या खलबत्त्यात बत्ता आपटावा. मिक्सर नको, विजेचे बिल येते!