ड्रॅगन, उंदीर आणि मूळ नक्षत्र

बारामती ते इंदापूर हा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. आषाढी वारीत बारामतीचा मुक्काम उरकला की सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत ती इंदापुरात येते. बेलवडीला गोल रिंगण होतं, घोडा धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला बायाबापड्यांची झुंबड उडते. एरवी या रस्त्यानं जायचे ते उसाचे ट्रॅक्टर, एस्. टी., दुधाच्या गाड्या; आणि लग्नसराईत 'घर बघायला' निघालेली आमच्यासारखी माणसं.

माझ्या नणंदेच्या मुलीसाठी इंदापूरचं स्थळ सांगून आलं होतं. भाची डी. एम. एल. टी. झालेली, बारामतीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. मुलगा लोणी देवकरच्या एम. आय. डी. सी. तल्या कारखान्यात, घरची थोडी शेती. पूर्वी मुलाचं घर बघायला वडीलधारी मंडळी जात, मुलीनं जायची रीत नव्हती. पण भाची म्हणाली, "राहायचं मला आहे, मग बघायचं तुम्हीच का?" वन्संना उत्तर सुचेना. म्हणून मे महिन्याच्या अखेरीला एका सकाळी वन्सं, भाची आणि मी अशा तिघी बारामतीच्या स्टँडवर उभ्या राहिलो.

वन्संच्या पर्समध्ये पत्रिका होती आणि चेहऱ्यावर काळजी. भाचीचं नक्षत्र मूळ. आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी, २००० साली जन्मलेली ही पोरगी; घरात सगळ्यांची लाडकी. पण आपल्याकडे समजूत अशी की मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला आणि विशाखाची धाकट्या दिराला वाईट. (नवऱ्या मुलाच्या नक्षत्रानं बायकोच्या आईवडिलांचं काय होतं, याची चौकशी मी तरी कधी ऐकली नाही!) एका ठिकाणी सगळं पसंत पडून केवळ 'मूळ' म्हणून नकार आला होता. त्या दिवशी पोरगी जेवली नव्हती.

बरं, इंदापूरच्या मुलाचं नक्षत्र अनुराधा. आता गुणमेलनाचं कोष्टक ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, छत्तीस गुणांत चार गुण 'योनी'चे असतात. प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी दिलेला आहे. अश्विनीला घोडा, भरणीला हत्ती, रोहिणीला साप, मघाला उंदीर, हस्ताला म्हैस, चित्राला वाघ, असे एकूण चौदा प्राणी. त्यांची आपसात वैरंही ठरलेली : गाय-वाघ, साप-मुंगूस, मांजर-उंदीर, घोडा-म्हैस, हत्ती-सिंह, वानर-मेंढा आणि कुत्रा-हरिण. मूळ म्हणजे कुत्रा, अनुराधा म्हणजे हरिण. त्यामुळे योनीचं खातं कोरडंच. शिवाय गण वेगळे, राशी मागच्या-पुढच्या. सगळी बेरीज निदान अठरा तरी हवी म्हणतात, ती अठराच्या आत अडकली होती.

गाडी बारामतीबाहेर पडली. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलं, तेव्हापासून कालव्याच्या अंगाला ऊस डोलतो. तालुक्याचा मोरगाव-सुप्याकडचा भाग मात्र जिरायत, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. एकाच तालुक्याच्या दोन पत्रिका म्हणा ना!

भवानीनगर आलं आणि भाचीनं मोबाईल काढला. "मामी, ऐक. चिनी लोकांच्या हिशेबानं मी ड्रॅगन. आणि तो १९९६ चा, म्हणजे उंदीर."

"बघ, तिथंही उंदीरच नशिबी," वन्सं म्हणाल्या.

"अगं आई, उंदीर, ड्रॅगन आणि माकड ही तिकडची सगळ्यात जमणारी तिकडी आहे. उंदीर हुशार, काटकसरी, संसार जपणारा. ड्रॅगन तेजस्वी, मानी. दोघांचं छान जमतं म्हणे!"

मैत्रिणींनो, ही चिनी पद्धत थोडक्यात सांगते. बारा वर्षांचं एक चक्र, प्रत्येक वर्षाला एक प्राणी : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. ज्या वर्षी जन्म, तो प्राणी तुमचा, आणि त्याचा स्वभाव तुमचा. चार-चार वर्षांच्या अंतरावरचे प्राणी एकमेकांचे मित्र, आणि सहा वर्षांच्या अंतरावरचे विरोधी : उंदीर-घोडा, बैल-मेंढा, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. एक लक्षात ठेवायचं, चिनी नववर्ष १ जानेवारीला नाही, तर २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान अमावास्येला सुरू होतं. म्हणून ज्यांचा वाढदिवस जानेवारीत, त्यांचा प्राणी बहुतेक आदल्या वर्षाचा. या बारा प्राण्यांना पाच तत्त्वांशी जोडलं की साठ वर्षांचं मोठं चक्र होतं. आपल्याकडेही पाडव्याला संवत्सराचं नाव वाचतात, ती नावंही साठच.

गोष्टही मजेची आहे. स्वर्गातल्या राजानं प्राण्यांची शर्यत लावली. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला आणि शेवटी टुणकन उडी मारून पहिला आला. मांजराला त्यानं उठवलंच नाही, म्हणून मांजर यादीत नाही आणि तेव्हापासून दोघांचं वैर. आपल्या योनीच्या कोष्टकातही मांजर-उंदीर वैर आहेच. दोन्ही याद्या शेजारी ठेवून मी बोटांवर मोजलं, तर चिन्यांच्या बारांपैकी आठ प्राणी आपल्या चौदांत निघाले.

मागच्या सीटवर धोतर-टोपीतले एक आजोबा हे सगळं ऐकत होते. ते पुढे वाकून म्हणाले, "पोरी, माणसांचं ऱ्हाऊ दे. यंदा मृगाचं वाहन काय म्हणतंय तुझा मोबाईल?" अख्खी गाडी हसली. पण त्यांचा प्रश्न खराच होता. पावसाच्या नक्षत्रांना पंचांगात वाहनं असतात. हत्ती, म्हैस, बेडूक असला की भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर मध्यम. कोल्हा-मेंढा आला की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. नक्षत्रं मोजून नवानं भागायचं आणि बाकीवरून प्राणी काढायचा. "आन् खरं निघतं का हो?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "निघतं तवा सांगतो आम्ही. नाय निघालं की गप बसतो."

गाडी निमगाव केतकीच्या पानमळ्यांजवळून जात होती, तेव्हा भाची एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मामी, बघ ना. मी २००० सालातली. ड्रॅगनच्या वर्षात मूल व्हावं म्हणून तिकडे लोक आधीपासून वाट बघतात. १९८८ साली, २०१२ साली सिंगापूरसारख्या ठिकाणी जन्म वाढले होते. तिथं असते तर मी भाग्याची. आणि इथं त्याच दिवशी जन्मून मी सासऱ्याच्या मुळावर!"

काय बोलणार? पण तिकडचंही सगळं गोड नाही, हे मी तिला सांगितलं. हेच प्राणिचक्र जपानातही आहे. तिथं साठ वर्षांनी 'अग्नी-अश्वा'चं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य कमी करते, अशी जुनी समजूत. १९६६ साली ते वर्ष आलं. १९६५ साली जपानात सुमारे १८ लाख मुलं जन्मली होती, १९६६ साली साडेतेरा लाखांच्या आसपास, आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांच्या वर! आगगाड्या आणि कॅमेरे करणाऱ्या देशाची ही गोष्ट. २०२६ हे पुन्हा तेच अग्नी-अश्वाचं वर्ष. आणि त्या १९६६ सालच्या सप्टेंबरात जन्मलेली किको नावाची मुलगी १९९० साली जपानच्या राजघराण्यात सून म्हणून गेली. ती आज तिथली युवराज्ञी आहे. भाचीनं ते मोबाईलवर पडताळून पाहिलं, आणि मगच थोडी हसली.

इंदापूर जुनं गाव. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथं लढाईत पडले. त्यांची गढी इथं आहे. तिच्या बाजूनं रिक्षा गेली तेव्हा माझ्यातली शिक्षिका जागी झाली. महाराजांच्या जन्मतिथीवरून किती वर्षं वाद चालला, आपल्याला ठाऊक आहे. कुणी १६२७ चा वैशाख धरीत, कुणी १६३० चा फाल्गुन. शेवटी राज्य शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानली. चिनी गणितानं १६२७ हे सशाचं वर्ष आणि तो फाल्गुन घोड्याच्या वर्षातला. आता तारीख ठरायच्या आधी महाराजांचा स्वभाव काही निराळा होता काय? आणि ज्यांच्या पालखीच्या वाटेनं आम्ही आलो, त्या तुकोबांच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

मुलाचं घर गावाबाहेर, दारात शेवगा, अंगण सारवलेलं. पोहे, चहा झाला. वडील मितभाषी, आई बोलकी. एक आत्या होत्या, त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "पत्रिका आणलीय न्हवं?"

वन्संनी पत्रिका पुढे केली. आत्यांनी आधीच कुणाकडून तरी माहिती काढली होती. "मूळ हाय म्हणं," त्या म्हणाल्या. भाची जमिनीकडे बघत बसली.

तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "वन्सं, माझी कुठं पत्रिका होती? माझं माहेर पळसदेवाकडचं. उजनीचं पाणी आलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांची. गाव उठलं, देऊळ बुडालं. कधी जन्मले ते आईलाबी नीट सांगता येईना. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी लिहिलं, एक जून १९७४. ह्यांचीबी एक जूनच. आमच्या चुलत्यांची, मावशीची, सगळ्यांची एक जून!"

खरंच आहे. शाळा जूनमध्ये उघडत, आणि जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांच्या नावापुढे गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. आपल्या खेड्यापाड्यांत एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मलेली आहे! जन्मनोंदीचा देशभरचा कायदा १९६९ चा, आणि तो वाडी-वस्तीपर्यंत मुरायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

भाचीनं एवढ्या वेळात पहिल्यांदा मान वर केली. "काकू, तारखेप्रमाणे चिनी हिशेबात तुम्ही वाघ. पण एखादं वर्ष मागं असेल तर बैल, आणि पुढं असेल तर ससा."

"ससा कसला," मुलाचे वडील म्हणाले, "घरात वाघच हाय." सगळे हसले. मग ते गंभीर झाले. "ताई, मुळाचा त्रास कुणाला म्हणायचा? सासऱ्याला. म्हणजे मला. मग त्याचं मी बघतो. दुसऱ्या कुणी काळजी करू नये."

आत्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही, हेही खरं. वन्सं मात्र पदरानं डोळे पुसायला लागल्या.

मग भाचीनं तिचे प्रश्न विचारले, सरळ, आवाज न चढवता. नोकरी चालू ठेवता येईल का? इंदापुरात लॅब आहेत का? विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, आणि शेतावर कर्ज किती? लग्नाआधी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करायच्या, चालेल का? कर्जाच्या प्रश्नावर मुलगा थोडा अडखळला. मग ठिबकचं आणि मोटारीचं मिळून किती, ते त्यानं सांगितलं. मला तो अडखळणं आवडलं. धडाधड सांगणाऱ्यापेक्षा बरा.

जन्माच्या दिवसावरून स्वभाव सांगणारी पुस्तकं मजेनं वाचावीत. त्यात आपल्याला आपलं काहीतरी सापडतंच, कारण मानी, मायाळू, मनात ठेवणारं असं थोडं थोडं प्रत्येकच माणूस असतं. जुन्या शास्त्रानं मुळाच्या चौथ्या चरणाला शुभ म्हणून सूटही दिली आहे. पण नकार द्यायचा तर तो मुलाच्या किंवा मुलीच्या वागण्यावरून द्यावा. मुलीला ज्याच्याशी भांडताही येत नाही असं कारण तिच्या कपाळी मारू नये.

उन्हाळ्यात त्या बाजूला गेलात, तर पळसदेवला जरूर जा. उजनीचं पाणी खाली गेलं की बुडालेलं देऊळ वर येतं, त्याचं शिखर, दगडी खांब सगळं दिसतं. हिवाळ्यात जाणार असाल तर भिगवण गाठा. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. दोन्ही ठिकाणं इंदापूर तालुक्यातलीच, एका दिवसात होतात.

आठव्या दिवशी तिकडून होकाराचा फोन आला. भाचीनं अजून 'हो' म्हटलेलं नाही. तिनं मुलाला बारामतीला बोलावलं आहे, रक्त तपासायला. सुई ती स्वतः टोचणार आहे म्हणे. "त्या वेळी माणूस कसा वागतो ते बघते, मामी," ती म्हणाली. "मग सांगते."